दुसरा राउटर लावताना: पत्ते कोण वाटणार, वाट कोण दाखवणार

घराच्या एका टोकाला वायफाय नीट पोचत नाही म्हणून दुसरा राउटर विकत आणला जातो. खोक्यातल्या कागदावर दाखवल्याप्रमाणे केबल खोचली, वायफायला नाव आणि पासवर्ड दिला, की नेट सुरू. दोन दिवसांनी लक्षात येतं की वरच्या मजल्यावरून खालचा प्रिंटर सापडत नाही, कॅमेऱ्याचं ॲप 'ऑफलाइन' म्हणत बसतं आणि मोबाइलवरचा व्हिडिओ टीव्हीवर टाकायचं चिन्हच गायब झालंय. रेंजच्या कांड्या मात्र सगळ्या भरलेल्या.

अशा वेळी लोक राउटर इकडचा तिकडे हलवतात, अँटेना फिरवतात, चॅनल बदलतात. काही उपयोग होत नाही, कारण अडचण लहरींची नसतेच. एकाच घरात दोन डबे आपापल्या परीने पत्ते, म्हणजे उपकरणांना ओळखणारे आकडे, वाटत असतात आणि एकाच्या हद्दीतली उपकरणं दुसऱ्याच्या हद्दीत दिसत नसतात. म्हणून सेटिंगच्या पानावर जाण्याआधी एक गोष्ट ठरवायची: नवा डबा स्वतःचं वेगळं नेटवर्क चालवणार, की आधीचंच नेटवर्क नुसतं पुढे पसरवणार? बाकीची बहुतेक सेटिंग्ज या उत्तरातून निघतात.

समजायला सोपं जावं म्हणून एक घर डोळ्यांपुढे ठेवू. खाली दुकान, वर राहतं घर. दुकानात नेटवाल्याने बसवलेला फायबरचा डबा आहे. फायबरचं टोक, राउटर आणि वायफाय तिन्ही त्यातच. त्याला बिलिंगचा संगणक, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर जोडलेला आहे. जिन्यातून एक लॅन केबल वर नेली आहे आणि तिच्या टोकाला नवा राउटर लावायचा आहे. यांना आपण 'खालचा डबा' आणि 'वरचा डबा' म्हणू.

या लेखात पत्ते देवनागरी आकड्यांत छापले आहेत. ब्राउझरमध्ये किंवा सेटिंगच्या चौकटीत ते इंग्रजी आकड्यांतच टाकायचे, नाहीतर राउटर ते स्वीकारणार नाही.

आधी आहे ते लिहून काढा

खालच्या डब्याला जोडलेल्या विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत, सलग टाइप करा. तीन ओळी कामाच्या: आयपीव्ही४ पत्ता, सबनेट मास्क आणि डिफॉल्ट गेटवे. अँड्रॉइड फोनवर हीच माहिती वायफायच्या यादीत जोडलेल्या नेटवर्कच्या नावाशेजारच्या दातेरी चाकावर टिचकी मारली की मिळते.

समजा पत्ता आला १९२.१६८.१.३७, मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे १९२.१६८.१.१. मास्कमध्ये जिथे २५५ आहे तिथले आकडे नेटवर्कचे, जिथे शून्य आहे तिथला आकडा त्या एका उपकरणाचा. म्हणजे हे नेटवर्क १९२.१६८.१ असं आहे आणि त्यात हा संगणक ३७ नंबरचा. शेवटच्या आकड्याला ० ते २५५ अशा २५६ जागा असतात. त्यातला ० हा खुद्द नेटवर्कचा आणि २५५ सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठीचा, म्हणून उपकरणांना २५४ उरतात. घराला एवढे पत्ते रग्गड झाले, तेव्हा मास्कला हात लावायचं कारण सहसा नसतं.

गेटवे म्हणजे दार. ज्याचा पत्ता आपल्या नेटवर्कमध्ये बसत नाही असं प्रत्येक पाकीट, म्हणजे डेटाचा तुकडा, संगणक डोळे झाकून गेटवेकडे देतो. पुढचा रस्ता शोधणं त्याच्याकडे. हाच पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की खालच्या डब्याचं सेटिंगचं पान उघडतं. जिओच्या घरगुती डब्यांना हा पत्ता १९२.१६८.२९.१ असतो, टीपी-लिंक आणि डी-लिंकच्या बऱ्याच राउटरना १९२.१६८.०.१. लॉगिनचं नाव-पासवर्ड बहुधा डब्याच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर मिळतो. तो बदललेला असेल तर नेटवाल्याला फोन करा. उगाच अंदाज करत बसू नका, काही डबे चार-पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर काही मिनिटं बंद होऊन बसतात.

आत गेल्यावर 'स्टेटस' किंवा 'डिव्हाइस इन्फो' या पानावरचा वॅन पत्ताही कागदावर उतरवा. डब्याला बाहेरून मिळालेला तो पत्ता. इथे १०० ने सुरू होणारा, दुसरा आकडा ६४ ते १२७ यांच्यामधला असा पत्ता दिसला, तर नेटवाल्याने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला आहे. हा पट्टा २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही नेटवाले त्याऐवजी १० ने सुरू होणारा पत्ता देतात, अर्थ तोच. रोजच्या वापराला फरक पडत नाही, पण बाहेरगावाहून थेट आपल्या कॅमेऱ्यापर्यंत यायचं असेल तेव्हा हीच भिंत आडवी येते. त्याबद्दल पुढे.

कुठले पत्ते वापरायचे

घरात वापरायला तीन पट्टे मोकळे ठेवलेले आहेत, १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजापासून आजतागायत तेच: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे. जगातल्या कुठल्याही घरात हेच पत्ते पुन्हा पुन्हा वापरले जातात. ते इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणून बाहेर जाताना राउटर त्यांच्या जागी स्वतःचा पत्ता लावतो आणि उत्तर आलं की कोणी विचारलं होतं ते आठवून आत पाठवतो. याला नॅट म्हणतात.

बहुतेक लोक कंपनीने दिलेला १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ तसाच ठेवतात. माझं मत वेगळं आहे. घरातलं कोणी ऑफिसच्या व्हीपीएनवर, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये नेणाऱ्या जोडणीवर, काम करत असेल तर हे आकडे बदला. पुण्यात हिंजवडी-खराडीच्या नोकऱ्या घरून करणाऱ्यांना हे लवकर उमगतं: ऑफिसच्या सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.२० आणि घरच्या प्रिंटरचाही तोच, मग व्हीपीएन जोडलेलं असूनही सर्व्हर उघडत नाही, कारण संगणकाला वाटतं तो घरातच आहे. १९२.१६८.७३ असला काहीतरी आडवातिडवा आकडा घेतला की अशी टक्कर सहसा होत नाही. पुढच्या उदाहरणात खालचं नेटवर्क १९२.१६८.१ असंच धरलंय, कारण बहुतेकांच्या डब्यात तेच असेल.

वाटणीची यादी

पत्ते आपोआप वाटण्याच्या सोयीला डीएचसीपी म्हणतात. फोन वायफायला जोडला की तो 'मला पत्ता द्या' अशी हाक मारतो आणि डबा त्याला एक मोकळा पत्ता, मास्क, गेटवे आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) असं सगळं एकत्र देतो. भाडेकरारासारखा हा पत्ता ठरावीक मुदतीचा असतो; मुदतीच्या निम्म्यावर फोन स्वतःच नूतनीकरण मागतो. घरी मुदत २४ तास ठेवली तरी चालते. जिथे दिवसभर माणसं येऊन जातात, म्हणजे दवाखाना किंवा खानावळ, तिथे ती एक-दोन तासांवर आणा, नाहीतर गेलेल्या लोकांच्या नावावर पत्ते अडकून राहतात आणि नव्याला मिळत नाहीत.

खालच्या डब्याच्या लॅन किंवा डीएचसीपीच्या पानावर वाटपाचा पट्टा पाहा. पुष्कळदा तो २ पासून २५४ पर्यंत असतो, म्हणजे हाताने द्यायला एकही पत्ता शिल्लक नाही. तो बदलून सुरुवात १९२.१६८.१.१०० आणि शेवट १९२.१६८.१.१९९ करा. मग कागदावर अशी वाटणी लिहा: १ खालच्या डब्याला, २ वरच्या डब्याला, १० ते ४९ प्रिंटर, एनव्हीआर, बिलिंगचा संगणक अशा एका जागी बसणाऱ्यांना, आणि १०० ते १९९ येणाऱ्या-जाणाऱ्यांना.

एका जागी बसणाऱ्यांना कायमचा पत्ता देण्याच्या दोन रीती आहेत. एक, त्या यंत्रातच हाताने पत्ता भरायचा. दोन, डब्याला सांगून ठेवायचं की अमुक मॅक पत्त्याच्या (नेटवर्कवर यंत्र ओळखणाऱ्या क्रमांकाच्या) यंत्राला नेहमी अमुकच पत्ता दे. या सोयीला 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' असं नाव दिसेल. मी दुसरीच निवडेन. सगळी यादी एका पानावर राहते आणि नेटवर्कचा आकडा पुढे कधी बदलावा लागला तर प्रिंटरच्या दोन ओळींच्या पडद्यावर बटणं दाबत बसावं लागत नाही. काही डबे वाटपाच्या पट्ट्यातलाच पत्ता राखू देतात. तसं असेल तर १९० ते १९९ राखीव धरा.

फोनसाठी पत्ता राखताना एक खोच आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायवर आपला खरा मॅक पत्ता न दाखवता बनावट दाखवतात. ओळख लपवण्यासाठी ते चांगलंच आहे, पण नेटवर्क विसरून पुन्हा जोडलं की कधी कधी बनावट पत्ताही बदलतो आणि राखीव जागा ओळखू येत नाही. घरच्या नेटवर्कपुरतं फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट ॲड्रेस' किंवा 'रँडमाइज्ड मॅक' बंद करून खरा पत्ता वापरायला सांगा.

पहिला मार्ग: वरचा डबा नुसता वायफायपुरता

दहांतल्या नऊ घरांना हाच पुरतो. याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. पत्ते खालचाच डबा वाटतो, वरचा फक्त वायफाय पसरवतो, आणि दुकान-घर एकच नेटवर्क राहतं. प्रिंटर वरून सापडतो, मोबाइलवरून टीव्हीवर व्हिडिओ जातो, कॅमेऱ्याचं ॲप रुसत नाही.

नव्या राउटरमध्ये 'ऑपरेशन मोड' नावाचं पान असेल आणि त्यात 'ॲक्सेस पॉइंट' हा पर्याय असेल, तर तो निवडा, राउटर पुन्हा सुरू होऊ द्या आणि केबल जोडा. झालं. त्यानंतर वरच्या डब्याचा पत्ता जुना राहत नाही. खालच्या डब्याने त्याला नवा दिलेला असतो. तो खालच्या डब्याच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत सापडेल. लगेच तिथेच २ नंबर त्याच्या नावे राखून ठेवा.

हा पर्याय नसलेल्या जुन्या राउटरवर तेच काम हाताने करता येतं. क्रम मात्र मोडू नका.

१. वरचा डबा खालच्याला अजून जोडू नका. फक्त आपला लॅपटॉप लॅन केबलने त्याच्या लॅन पोर्टला जोडा आणि सेटिंगचं पान उघडा.

२. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार भरा. डब्लूपीए३ असेल तर उत्तम, जुनी उपकरणं असतील तर डब्लूपीए२. वरच्या आणि खालच्या वायफायला तेच नाव, तोच पासवर्ड दिला तर फोन जिना चढताना आपला आपण बदलून घेतो.

३. लॅनच्या पानावर पत्ता १९२.१६८.१.२ करा, मास्क २५५.२५५.२५५.०. जतन केल्यावर पान गोठेल, कारण जुन्या पत्त्यावर आता कोणी नाही. लॅपटॉपची केबल काढून पुन्हा लावा आणि नव्या पत्त्याने आत शिरा.

४. आता डीएचसीपी सर्व्हर बंद करा. जतन करा. यानंतर लॅपटॉपला वरच्या डब्याकडून पत्ता मिळणार नाही. ते अपेक्षितच आहे.

५. जिन्यातून आलेली केबल वरच्या डब्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टमध्ये नाही, ते रिकामं राहू द्या.

चौथी पायरी तिसरीच्या आधी केली तर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि डब्याचं पान उघडेनासं होतं. मग लॅपटॉपमध्ये हाताने पत्ता भरून आत शिरावं लागतं. आणि चौथी पायरी विसरून पाचवी केली तर एका नेटवर्कमध्ये दोन वाटप करणारे होतात. फोनची हाक दोघांनाही ऐकू जाते आणि बहुधा जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता फोन घेतो. कधी नेट चालतं, कधी नाही, आणि याच खोलीत शेजारच्या फोनवर चालतं. असला लहरी बिघाड दिसला की आधी दुसरा डीएचसीपी शोधा.

दुसरा मार्ग: वरचं नेटवर्क वेगळं

वर भाडेकरू राहत असतील, किंवा दुकानाची बिलं आणि घरातल्या मुलांचे खेळ एकमेकांत मिसळायला नको असतील, तर वरचा डबा राउटर म्हणूनच ठेवा. इथे केबल वॅन पोर्टमध्ये जाते. वॅनचा प्रकार 'स्टॅटिक आयपी' निवडा: पत्ता १९२.१६८.१.२, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१, डीएनएसही १९२.१६८.१.१. लॅनच्या पानावर पत्ता १९२.१६८.५०.१ करा आणि डीएचसीपी सुरूच ठेवून पट्टा १९२.१६८.५०.१०० ते १९९ द्या.

लॅनचा तिसरा आकडा खालच्यापेक्षा वेगळा हवाच. दोन्हीकडे १९२.१६८.१ राहिलं तर वरच्या डब्याला दाराच्या आत आणि बाहेर एकच गल्ली दिसते. कुठलं पाकीट कुठे सोडायचं ते त्याला ठरवताच येत नाही. काही राउटर ही टक्कर ओळखून स्वतःच लॅनचा आकडा बदलतात. मालक मात्र जुना पत्ता टाकून 'पान उघडत नाही' म्हणत राहतो.

एवढ्यावर वरचं इंटरनेट सुरू होतं. आता दोन डब्यांत मिळून दोनदा नॅट होतं, पण ब्राउझिंग, व्हिडिओ कॉल, यूपीआय यांना त्याची झळ बसत नाही. काही ऑनलाइन खेळ तेवढे कुरकुरतात.

प्रिंटर मात्र वरून 'दिसत' नाही, आणि तो 'पोचण्याजोगा' आहे की नाही हा निराळा प्रश्न आहे. फोन प्रिंटर किंवा टीव्ही शोधतो तेव्हा तो २२४.०.०.२५१ या विशेष पत्त्यावर हाक मारतो, आणि ही हाक राउटर ओलांडून पुढे जात नाही. पण वरच्या लॅपटॉपवर प्रिंटर जोडताना 'आयपी पत्त्याने जोडा' निवडून १९२.१६८.१.१० टाकलं, तर छपाई होते. वरच्या डब्याला खालचं नेटवर्क ठाऊक आहे, तो त्यातच एका पायाने उभा आहे. म्हणून प्रिंटरला कायमचा पत्ता आधी द्यायचा.

पुष्कळ जण 'वेगळा राउटर, म्हणजे सुरक्षित' असं धरून चालतात आणि नेमकं उलटं करून ठेवतात. वरून खाली जाता येतं. खालून वर येता येत नाही. म्हणजे या मांडणीत भाडेकरूच्या पाहुण्याचा फोनसुद्धा दुकानाच्या एनव्हीआरच्या लॉगिन पानापर्यंत पोचतो. राउटरच्या मागे जो असतो तो झाकलेला. पुढे जो असतो तो त्याच्यासाठी उघडा. झाकायचं दुकान असेल तर दुकानाची यंत्रं दुसऱ्या राउटरच्या मागे न्या, किंवा दुकान आणि घर या दोघांना दोन स्वतंत्र राउटर देऊन नेटवाल्याच्या डब्याला त्यांच्याखेरीज काहीच जोडू नका. निव्वळ पाहुण्यांपुरतं हवं असेल तर वेगळा राउटर नकोच. डब्यातलं 'गेस्ट नेटवर्क' सुरू करा आणि त्यातली 'स्थानिक नेटवर्क पाहू द्या' अशा अर्थाची खूण काढून टाका.

खालून वर जायचं असेल तर: स्टॅटिक रूट

दुकानातल्या संगणकावरून घरातल्या हार्ड डिस्कवर बॅकअप ठेवायचा आहे. हार्ड डिस्कचा पत्ता १९२.१६८.५०.२०. संगणक पाहतो, हा आपल्या नेटवर्कमधला नाही, म्हणून पाकीट खालच्या डब्याला देतो. खालच्या डब्यालाही ५० नंबरची गल्ली माहीत नाही. त्याच्याकडे एकच सर्वसाधारण नियम आहे, ०.०.०.०, म्हणजे 'बाकी सगळं बाहेर पाठव'. पाकीट नेटवाल्याकडे जातं आणि तिथे टाकून दिलं जातं.

म्हणून खालच्या डब्याला वाट सांगायची. 'स्टॅटिक रूट' किंवा 'ॲडव्हान्स्ड राउटिंग' या पानावर नवीन ओळ घाला: गंतव्य १९२.१६८.५०.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.२, इंटरफेस लॅन. अर्थ: ५० च्या गल्लीत जायचं असेल तर २ नंबरच्या हाती द्या. दोन नियम लागू पडत असतील तर राउटर अधिक नेमका तो पाळतो, त्यामुळे 'बाकी सगळं बाहेर' हा जुना नियम मध्ये येत नाही.

इथे दोन चुका हमखास होतात. गंतव्यात नेटवर्कच्या .० ऐवजी डब्याचा .१ भरला जातो, आणि डबा 'चुकीचा पत्ता' म्हणून ओरडतो. किंवा गेटवे म्हणून १९२.१६८.५०.१ भरला जातो. पण तो पत्ता गल्लीच्या पलीकडचा आहे. गेटवे नेहमी ज्या डब्यावर नियम लिहितोय त्याच्या स्वतःच्या नेटवर्कमधला हवा, ज्याला तो हात लांबवून शिवू शकतो असा.

नियम लिहिला तरी काम अर्धंच होतं. वरच्या डब्यावर बहुधा नॅट बंद करावं लागतं आणि त्याच्या फायरवॉलने (नको ती पाकिटं अडवणाऱ्या पहारेकऱ्याने) वॅनकडून, निदान १९२.१६८.१ मधून, आलेली पाकिटं आत सोडायला हवीत. कित्येक स्वस्त राउटरमध्ये नॅट बंद करण्याची खूणच नसते. ओपनडब्लूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर ती असते: फायरवॉलच्या पानावर वॅन झोनसमोरची 'मास्करेडिंग'ची, म्हणजे नॅटची, खूण काढायची आणि वॅनकडून लॅनकडे जायला परवानगी देणारा नियम लिहायचा.

नॅट काढल्यावर वरच्या फोनांचं इंटरनेट बंद पडलं, तर दोष तुमचा नाही. आता बाहेर जाणारी पाकिटं ५० च्या पत्त्याने खालच्या डब्यापाशी येतात, आणि नेटवाल्यांचे काही डबे फक्त आपल्याच लॅनच्या पत्त्यांना नॅट करतात. अशा डब्यापुढे इलाज नाही. नॅट परत सुरू करा आणि बॅकअपची दिशा उलटी करा, म्हणजे हार्ड डिस्कनेच खाली येऊन फायली उचलू द्या.

आणखी एक तिढा. दुकानाचा संगणक आणि वरच्या डब्याचं वॅन टोक एकाच नेटवर्कमध्ये आहेत. जाणारं पाकीट खालच्या डब्यामार्फत जातं, येणारं उत्तर मात्र वरच्या डब्याकडून थेट संगणकाकडे येतं. खालच्या डब्याच्या फायरवॉलला अर्धंच संभाषण ऐकू येतं आणि ती कधी कधी ते मध्येच तोडते. लक्षण असं: पिंग (उत्तर येतं का ते पाहणारी छोटी हाक) लागतं, पण मोठी फाइल जात नाही. तेव्हा वाट थेट संगणकालाच सांगा. ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, इंग्रजी अक्षरांत:

रूट -पी ॲड १९२.१६८.५०.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१.२

'-पी' मुळे संगणक बंद-चालू केला तरी ती टिकते.

ब्रिज मोड, पोर्ट आणि आयपीव्ही६

तिसरा मार्ग म्हणजे खालचा डबा 'ब्रिज'मध्ये टाकून, म्हणजे त्याला नुसता आरपार नेणारा करून, सगळा कारभार आपल्या राउटरकडे घेणं. दोनदा नॅट होत नाही. पण त्यासाठी नेटवाल्याकडून पीपीपीओईचं (नेटवाल्याकडे लॉगिन करण्याच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड आणि असल्यास व्हीलॅनचा (एकाच तारेवरची वेगळी वाट दाखवणारा) नंबर मिळायला हवा, आणि तो द्यायला सगळेच राजी नसतात. पीपीपीओई प्रत्येक पाकिटात आठ बाइट स्वतःसाठी घेतो, म्हणून एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, १५०० ऐवजी १४९२ ठेवा. हे चुकलं तर काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात.

बाहेरून कॅमेरा पाहण्यासाठी राउटरचा पोर्ट उघडायचा (केबलचा नव्हे, बाहेरून आत यायची वाट मोकळी करायचा) विचार असेल तर वॅनचा लिहून ठेवलेला पत्ता आठवा. तो १००.६४ च्या पट्ट्यातला असेल, किंवा 'माझा आयपी कोणता' सांगणाऱ्या साइटवर वेगळाच दिसत असेल, तर पोर्ट कितीही उघडा, कोणी आत येऊ शकणार नाही. नेटवाल्याकडून कायमचा सार्वजनिक पत्ता (स्टॅटिक आयपी) विकत घ्या, नाहीतर कॅमेऱ्याच्या कंपनीचं क्लाउड ॲप वापरा. आणि राउटरचं 'रिमोट मॅनेजमेंट' बंदच असू द्या.

आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीच्या लांब पत्त्यांचा, विचार पहिल्या मार्गात करावाच लागत नाही; ते आपोआप वर पोचतं. दुसऱ्या मार्गात वरच्या डब्याला खालच्याकडून पत्त्यांचा स्वतंत्र पट्टा मिळायला हवा, आणि घरगुती डबे तो क्वचितच देतात. 'पासथ्रू' असेल तर सुरू करून पाहा, नसेल तर आयपीव्ही४ वर काम भागतं.

चाललं का, ते कसं पाहायचं

वरच्या लॅपटॉपवरून जवळून लांब या क्रमाने पिंग करा: आधी आपला गेटवे, मग १९२.१६८.१.१, मग ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस), मग एखाद्या साइटचं नाव. जिथे पहिल्यांदा उत्तर थांबतं तिथे बिघाड. पहिल्याच पायरीला अडलं आणि लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला कोणीच पत्ता दिलेला नाही: केबल चुकीच्या पोर्टमध्ये आहे किंवा डीएचसीपी दोन्हीकडे बंद झालाय. ८.८.८.८ ला उत्तर येतं पण नावाला नाही, तर डीएनएस तपासा. वाटेतले राउटर दाखवणाऱ्या 'ट्रेसर्ट' या आज्ञेत सुरुवातीला १९२.१६८.५०.१ आणि १९२.१६८.१.१ अशा दोन ओळी दिसल्या, तर पाकीट दोन राउटरमधून जातंय. पहिला मार्ग निवडला असताना असं दिसायला नको. खालच्या डब्यावर 'लॉस' नावाचा दिवा लाल असेल तर यातलं काही करू नका, फायबर तुटलीय, फोन लावा.

सगळं जमलं की दोन्ही डब्यांतल्या 'बॅकअप' पानावरून सेटिंगची फाइल उतरवून ठेवा आणि वाटणीचा कागद वरच्या डब्याच्या बुडाला चिकटवा. वरचा डबा बिनसला तर मागच्या भोकात पिन खुपसून दहा सेकंद धरा आणि नव्याने सुरुवात करा. खालच्या डब्याच्या भोकाला मात्र हात लावू नका: त्यातलं नेटवाल्याचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनही पुसलं जातं, आणि रविवारी संध्याकाळी त्याचा माणूस येत नाही.